अनंताचं रोप

चंद्रिकानं हिरव्या जाळीखालून अनंताच्या रोपाची पिशवी उचलली आणि खालून दाबून पाहिली. माती ओलसर होती, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत, शेंड्याला तीन टपोऱ्या कळ्या. हेच घ्यायचं, तिनं ठरवलं. नर्सरीच्या मालकीण तानाबाईंनी हातातला पाइप खाली टाकला.

"ताई, परत अनंतच?"

"हो."

"ह्यो पुन्याकडनं येतो. तितली हवा निराळी. हितलं ऊन बगा, बोअरचं पानी खारं, माती चुनखडीची. दीड म्हयना न्हाय टिकायचा. मीच इकनारी हाय, पर सांगते."

तानाबाई मूळच्या केम गावच्या. होटगी रोडच्या कडेला माळरानावर त्यांनी ही नर्सरी उभी केली होती, आणि आपलं रोप गिऱ्हाइकाच्या घरी मेलं की त्यांना ते जिव्हारी लागायचं. दर वेळी त्या चंद्रिकाला तगर दाखवत, पांढरी कण्हेर दाखवत. कण्हेर म्हणजे लावा आणि विसरून जा, मे महिन्यातसुद्धा फुलं देत राहणार. चंद्रिका मान डोलवून सगळं ऐकून घ्यायची आणि नेमकं न टिकणारं उचलायची. अनंताच्या आधी बेगोनिया झाला होता, त्याच्या आधी हायड्रेंजिया. ही बाई एक तर हट्टी आहे, नाहीतर हिला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, असं तानाबाईंचं मत होऊन गेलं होतं.

खरी गोष्ट साधी होती आणि कुणाला सांगण्यासारखी नव्हती. चंद्रिकाला मरणारंच झाड हवं होतं.

जुळे सोलापुरातल्या त्या बंगल्यात तिला कशाची म्हणून ददात नव्हती. भाजी मोबाइलवर मागवली की दारात, किराणा दारात, औषधं दारात. नवरा नंदीश, मार्केट यार्डात आडत दुकान चालवणारा, दिवसातून तीनदा फोन करून विचारायचा, काय हवं नको ते. इतका काळजीवाहू नवरा आहे म्हणून तिच्या बहिणी तिचा हेवा करत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत चंद्रिका संध्याकाळी एका क्लासमध्ये आठवीच्या मुलांना गणित शिकवायला जात होती. एक दिवस ती क्लासवर असताना सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. कुणी बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. क्लास तिनंच सोडला, आणि मग घराबाहेर पडायला कारणच उरेना.

कारण मिळालं ते फुलांमुळं. सासूबाई, शिवम्मा, रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करत. पूर्वी फुलवाल्याची पुडी फाटकाला अडकवलेली असायची. खुब्याच्या दुखण्यातून वॉकर धरून उठल्यावर म्हातारीनं एकाएकी नियम काढला : लिंगाला विकतचं फूल चालणार नाही, घरच्याच झाडाचं पाहिजे. नंदीशनं आईचा शब्द मोडला नाही. झाड आणायला कुणीतरी जायला हवं होतं, आणि तो दिवसभर यार्डात. मग गुरुवारी दुपारी धुणंभांडी करणाऱ्या गोजरबाईंनी दोन तास म्हातारीजवळ थांबायचं आणि चंद्रिकानं नर्सरीत जायचं, असं ठरलं. आजारी झाड फार उपयोगाचं असतं, हे चंद्रिकाच्या पहिल्या महिन्यातच लक्षात आलं. पान पिवळं पडलं की औषध विचारायला जाता येतं, कळी गळली की खत आणायला, आणि मेलं की नवं झाड आणायला. धडधाकट झाड मात्र कुणाला कुठं पाठवत नाही.

नर्सरीत ती काही फार करायची असं नाही. जाळीखालच्या ओल्या गारव्यात फळीवर बसायची, तानाबाईंचा चहा प्यायची. तिथं तिला कुणी हाक मारत नसे. तेवढ्यासाठी ती गुरुवारची वाट बघायची, आणि तिला स्वतःची लाजही वाटायची.

मार्चच्या शेवटी तो अनंतही गेला. त्या रविवारी नंदीश टेम्पो घेऊन घरी आला. मागं पाच मोठ्या कुंड्या होत्या : दोन तगरी, जास्वंद, गोकर्ण आणि पांढरी कण्हेर. बार्शी रोडच्या एका नर्सरीत त्यानं तासभर घालवून, सोलापूरच्या उन्हात काय जगतं ते नीट विचारून घेतलं होतं. परसदारी भिंतीच्या कडेनं त्यानं स्वतः कुंड्या मांडल्या, ठिबकच्या नळ्या जोडल्या आणि नळाला टायमर लावला. शर्ट घामानं भिजला होता आणि चेहरा खुलला होता.

"आता बघायलाच नको," तो म्हणाला. "सकाळी सहाला आपोआप पाणी. तुला उन्हातान्हात हेलपाटे नकोत."

चंद्रिकानं त्याला सरबत करून दिलं. सरबत चांगलं झालं होतं. रिकामा पेला घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि तो विसळू लागली. इतक्या मायेनं लावलेलं दार ढकलायचं तरी कसं, हे तिला कळेना.

झाडं फोफावली. एप्रिलच्या उन्हात बाहेर पाय ठेववत नव्हता आणि तगर चांदण्यांनी भरून गेली होती. गोजरबाईंचं गुरुवारचं थांबणं आपसूक बंद झालं. चंद्रिका रोज दुपारी सासूबाईंना परसदारच्या उंबऱ्याशी खुर्चीत बसवायची, सुजलेले पाय शेकायला टबात गरम पाणी आणि मूठभर मीठ घालून द्यायची, आणि घड्याळाकडं बघायची. एकदा ती भाताचं उकळतं आधण घेऊन तगरीपाशी गेली. पातेलं कलतं केलं, वाफ पानांवर गेली, आणि तिचा हात थांबला. अनंताला तिनं मारलं नव्हतं, त्याच्या जिवावर सोडून दिलं होतं. हे वेगळं होतं. पातेलं घेऊन ती आत आली आणि त्याच आधणात तिनं तांदूळ वैरले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या तगरीच्या पानांच्या कडा करपल्या. मग जास्वंदानं कळ्या टाकल्या. मातीवर पांढरी साय धरली. नंदीशनं बोट लावून चाखलं, बोअरच्या पाण्याला चार शिव्या घातल्या आणि टायमर दहा मिनिटांनी वाढवला. आठवड्याभरात गोकर्णाची वेल वाळून दोरीसारखी झाली. चंद्रिकाला काहीच उमजेना. मनातल्या मनात आपण या झाडांचं वाईट चिंतलं ते भोवलं, असंही तिला वाटून गेलं.

त्या मंगळवारी तिनं नेहमीसारखा टब भरून दिला आणि वाळत घातलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली. कठड्याशी चादर ओढताना तिची नजर सहज खाली गेली. शिवम्मा खुर्चीतून उठल्या होत्या. वॉकरच्या दांडीला त्यांनी न्हाणीघरातला मग अडकवला होता. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल, असं करत त्या भिंतीच्या टोकाला कण्हेरीपर्यंत पोचल्या. मगमधलं पाणी हळूहळू बुंध्यात ओतलं. मग टबाकडं परत, पुन्हा मग भरून पुन्हा कण्हेरीकडं.

चंद्रिका चादर तशीच टाकून जिना उतरली. ती परसदारी पोचली तेव्हा शिवम्मा खुर्चीत बसून धापा टाकत होत्या. टब अर्धा रिकामा होता.

"अत्ती, पडला असता म्हणजे?" तिनं विचारलं.

"पडले न्हाय की." म्हातारीनं उंबऱ्यावर थोपटलं. "बा इल्ली. बस."

चंद्रिका उंबऱ्यावर बसली. शिवम्मा तिच्याकडं न बघता बोलत होत्या, पाय पुन्हा टबात होते. अक्कलकोटच्या पलीकडच्या त्यांच्या गावात विहीर ओढ्याच्या पलीकडं होती. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, आणि डोक्यावर दोन घागरी. सून दमते म्हणून शिवम्मांच्या सासऱ्यांनी खटपट करून नळ थेट अंगणात आणला. गावातला पहिला नळ. पेढे वाटले, नळाला हळदकुंकू लावलं.

"मी गोठ्यात जाऊन रडले," शिवम्मा म्हणाल्या. "कुनाला काय सांगायचं? लोक म्हनतील, पानी घरात आलं आन् ही रडती. तेवढा एक तासच माजा व्हता, बाई."

चंद्रिकानं टबातल्या पाण्याकडं बघितलं. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत होतं. तिला फाटकाला अडकवलेली फुलांची पुडी आठवली, आणि पुडी नको म्हणून म्हातारीनं धरलेला हट्ट.

"अत्ती, ते घरच्याच झाडाचं फूल पाहिजे म्हणून तुम्ही..."

"लिंगाला पान्याचा थेंबबी चालतो," शिवम्मा म्हणाल्या. "पाय पूस माजे."

चंद्रिका टॉवेल घेऊन खाली बसली. तिनं ते पाय मांडीवर घेतले आणि बोटांच्या बेचक्यांतून नीट पुसले. तिचे डोळे भरून आले होते, आणि म्हातारीनं ते पाहूनही पाहिले नाहीत. भिंतीच्या टोकाला कण्हेर ताठ उभी होती. कडेची दोन पानं पिवळी पडली होती, बाकी सगळी हिरवीगार.

"ती एकच राहिली," चंद्रिका हळूच म्हणाली.

"लई चिवट हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रिकानं पाणी तापवलं, टब उंबऱ्याशी नेऊन ठेवला आणि त्यात रोजचं मूठभर मीठ टाकलं. डब्याचं झाकण लावून ती वळली. मग परत फिरली, झाकण काढलं आणि उरलेला सगळा डबा टबात उपडा केला. म्हातारी खुर्चीत बसून बघत होती. तिनं वॉकरला अडकवलेला मग काढला आणि सुनेच्या हातात दिला.