दोनशे एक

वाचनालयात थोरलीची पंधरा वर्षं झाली होती, धाकटीची जेमतेम दोन. आणि कॉम्प्युटरची खुर्ची मात्र एकच येणार होती. जिचा प्रोग्राम बरोबर चालेल तिला ती, असं ग्रंथपालबाईंनी सांगून टाकलं होतं. काम एवढंच, दोनशे पुस्तकांच्या जुन्या यादीत नवी चाळीस घालायची.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीने एकेका नावासाठी एकेक ओळ लिहीत नेली, प्रत्येकीत एकेक अपेंड, म्हणजे यादीच्या शेवटी जोडायची आज्ञा. मान मोडून आली. धाकटीने चाळीस नावांची वेगळी यादी केली आणि ती अख्खी एकाच अपेंडने जुनीत घातली. काम एका ओळीत फत्ते. सगळे टेबलाभोवती जमले, "डोकं आहे हो पोरीला" म्हणाले. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. हिला अक्षरं कुणी गिरवायला लावली? हिच्या वेण्या कुणी घातल्या? आणि आता हीच डोक्यावर मिऱ्या वाटणार.

"ताई, एकदा नजर टाक ना," धाकटी म्हणाली.

थोरलीने नजर टाकली आणि चूक तिला तिथेच दिसली. अपेंड एका वेळी एकच वस्तू घालतं. सुतळीने बांधलेला गठ्ठा फळीवर ठेवावा, तशी ती चाळीस नावं मिळून एकच मोजली जाणार होती. तिथे एक्स्टेंड हवं होतं, म्हणजे नावं सुटी सुटी बसली असती. कॉम्प्युटरच्या वर्गात तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं, वापरायचा धीर तेवढा झाला नव्हता. आता एक शब्द सांगायचा होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

जेवणानंतर बाईंनी दोघींना एकूण आकडा काढायला सांगितला. धाकटीचा आला दोनशे एक. कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरलीचा आला दोनशे चाळीस. खुर्ची तिची झाली, आणि खोटं कशाला सांगा, तिला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

संध्याकाळी धाकटीनेच थोरलीचं सामान नव्या टेबलावर मांडून दिलं.

"तू बघितलं होतंस ना, ताई?"

"नजरेतून सुटलं गं."

"सुटतं," धाकटी म्हणाली. "तुझंही बाविसावं पुस्तक सुटलं होतं. तू जेवायला गेलीस तेव्हा तुझ्या प्रोग्राममध्ये मी घातलं."

थोरली खुर्चीत बसलेली होती. तिला उठता येईना.