हिरवा प्लॉट

एकोणीसशे चौसष्ट साली शहराचा पहिला विकास आराखडा तयार झाला आणि नगर कार्यालयाच्या मोठ्या खोलीत भिंतभर टांगला गेला. कुणाची जमीन पुढे कशासाठी वापरायची ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, बागा-मैदानं हिरवी. कुणाला काही म्हणायचं असेल तर मुदतीत हरकत घ्यायची.

त्या काळी लोक हा नकाशा बघायला बाजाराला निघाल्यासारखे नटूनथटून जात. रोपवालीही गेली. घरामागच्या प्लॉटवर ती गुलाबाची कलमं, जास्वंद, लिंबाची रोपं वाढवून विकायची. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कधीच बसलं होतं. चूल पेटायची ती त्या रोपांवर. आणि नकाशात अख्खी गल्ली पिवळी, तिचा प्लॉट तेवढा हिरवा. आरक्षण, सार्वजनिक बाग. म्हणजे आज ना उद्या सरकार ताब्यात घेणार.

नकाशाशेजारी लाकडी पट्टी घेऊन लोकांना समजावत होता तो तिचा धाकटा दीर. याच कार्यालयात तो नकाशे काढायचा.

"भाऊजी, हे काय?"

"वहिनी, मी आपला रंग भरणारा. कुठं काय ते वर ठरतं."

"बरं बाई ठरलं! एवढ्या गल्लीत माझंच अंगण दिसलं वरच्यांना?"

"हरकत घ्या ना. त्यासाठीच तर लावलाय."

"घेणारच. सोडते की काय!"

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. मागच्याच वर्षी दिराने त्या प्लॉटवर खोली बांधायला जागा मागितली होती. तिने नाही म्हटलं, तेव्हा तो हसला होता. ते हसणं आता तिला आठवलं आणि मुळीच आवडलं नाही.

मग तिला सगळीकडे पाणी मुरताना दिसू लागलं. तिला बघताच जावेचं नळावरचं बोलणं थांबायचं. एकदा कार्यालयातले साहेब शेजारी दिराकडे चहाला आले. रोपवाली कुंपणाशी माती चाळत उभी राहिली, पण ऐकू आलं ते फक्त कपबशांचं वाजणं. जाताना साहेबांनी मात्र तिच्या प्लॉटकडे वळून पाहिलं.

"तुमच्या भावानेच डाव साधला," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, आपलीच माणसं ती."

"म्हणूनच! नेमकं कुठं दुखतं ते परक्याला कसं कळणार?"

नवऱ्याने डोळ्याला भिंग लावलं आणि कधीचंच बंद पडलेलं एक घड्याळ उघडलं.

तिने हरकत घेतली. दिराने आकसाने रंग बदलला, असं त्यात स्पष्ट लिहिलं. सुनावणीला साहेबांनी ते सर्वांसमोर वाचून दाखवलं, तेव्हा दिराचा चेहरा पांढराफटक पडला. पाहणीला गेलेल्या कारकुनाला बोलावलं गेलं.

"आम्ही घरोघर जातो, साहेब. जमीन आज कशी वापरतात ते बघतो, घरच्यांना विचारतो आणि तसं नोंदवतो. इथे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, 'बाग आहे, मंडळींची हौस. सगळी आळी येऊन बसते.'"

"आळीची बाग आहे म्हटल्यावर ती राखून ठेवली. चुकलं कुठं?" साहेब म्हणाले.

रोपवालीने सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत होता.

"अहो?"

"दारात परका माणूस," तो पुटपुटला. "बायको रोपं विकते नि मी बसून खातो, असं सांगू त्याला?"

"मोठ्याने बोला," साहेब म्हणाले. "तिथे धंदा चालतो की हौस?"

खोलीत सगळी गल्ली होती, त्याची जुनी गिऱ्हाइकं होती, भाऊ होता. तो उठला. एकदा घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"धंदा आहे, साहेब. हिच्या रोपांवरच आमचं घर चालतं. माझं दुकान नुसतं नावाला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर जिन्यात तिने दिराला गाठलं. "भाऊजी, चुकलं माझं."

"असू द्या, वहिनी."

"पण रंग भरताना आपला प्लॉट ओळखू आला नाही तुम्हाला?"

"नकाशावर नुसते आकडे असतात," म्हणत तो खाली उतरला. त्याचा जन्म प्लॉटपुढच्या त्याच घरातला.

प्लॉट पिवळा झाला. बागेचं आरक्षण गल्लीच्या टोकाला, परगावी राहणाऱ्या एका विधवेच्या पडीक जागेवर गेलं. तिने हरकत घेतली नाही. तिच्यापर्यंत बातमीच पोचली नाही म्हणतात. ती जागा कुणी सुचवली, हे रोपवालीने दिराला कधी विचारलं नाही. साहेबांची बदली झाली. कारकून त्याच खुर्चीवरून निवृत्त झाला. दीर मुख्य नकाशाकार होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. लग्नकार्यात भेटायचा, तब्येत विचारायचा, लवकर उठायचा. जाऊ मात्र जुईचं रोप मागायला येत राहिली. नवऱ्याने दुकान विकलं आणि उरलेलं आयुष्य रोपांच्या मुळांभोवती गोणपाट बांधण्यात घालवलं. गिऱ्हाइकाने भाव विचारला की म्हणायचा, "मालकिणीला विचारा." त्याच्यामागे रोपवाली बरीच वर्षं जगली. अनोळखी माणूस कुंपणापाशी थांबला, की हातातली खुरपी तशीच धरून आधी विचारायची, "काय मोजताय?"