दुसऱ्यांदा सुजलेला गाल

मित्रांनो, माझ्या अवताराला हसू नका. झाकणाला तडा, वायरीला चिकटपट्टी, असा मी एक जुना मिक्सर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझं पातं बघणाऱ्याचे डोळे दिपावेत असं चमकत होतं. एका ताईने संसार मांडताना मला घरी आणलं. तिच्याकडे मी वर्षानुवर्षं राबलो. "आरडाओरडा फार करतो, पण कामाला वाघ आहे," असं ती आल्यागेल्याला सांगायची. मग कमी आवाजाचा नवा मिक्सर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला खाली काढलं ते ताईच्या धाकट्या भावासाठी. तो सलून चालवायचा आणि एकटाच राहायचा. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला, एका बाजूला सरकलेला होता. दातांवर दात बसत नसत. घास चावताना त्याची फार ओढाताण व्हायची. शेवटी मन घट्ट करून त्याने ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी हाड कापून जागेवर बसवलं, बारीक पट्ट्यांनी जोडलं आणि वरखालचे दात रबरांनी बांधून टाकले. बोलणं बंद, चावणं बंद!

ताई मला घेऊन त्याच्याकडे राहायला आली. उकडलेली गाजरं, बटाटे, दूध, सगळं मी इतकं बारीक करायचो की ते सिरिंजने गालाच्या कडेने आत जाई. हळूहळू सूज उतरली. ताई आपल्या घरी परतली. रबरं सैल झाली, तो कुस्करलेलं केळं खाऊ लागला. एके सकाळी त्याने मला पुसून कपाटावर ठेवलं. खरं सांगतो, अडगळीत जाताना मला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

तो आनंद काही टिकला नाही. त्याचा एक गाल पुन्हा सुजला. आतल्या एका पट्टीपाशी पू झाला होता. पुन्हा दवाखाना, पुन्हा चिरफाड, पुन्हा तीच रबरं. त्याने मला पुन्हा कपाटावरून उतरवलं.

सुजलेल्या गालाला फोन लावता येत नसे, म्हणून तो फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर माझ्याशेजारी ठेवायचा. "कसा आहेस रे? नुसतं हुं हुं काय करतोस?" ताई विचारायची. तो पुन्हा हुंकारायचा. आपल्यापायी तिला आणखी रजा टाकावी लागू नये, म्हणून त्याने दुसऱ्या ऑपरेशनचं तिला कळवलंच नव्हतं.

एक दिवस दाढी करताना त्याच्या हनुवटीला ब्लेड लागलं. ऑपरेशनमुळे हनुवटी बधिर झाली होती. शर्टावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा कुठे त्याला कळलं. इतक्या लोकांच्या दाढ्या केलेला माणूस तो! त्याने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्यानंतर तो मला फिरवायचा, ग्लास भरायचा आणि बराच वेळ त्याकडे बघून सगळं सिंकमध्ये ओतून द्यायचा. मी जीव तोडून दळायचो, पण त्याच्या पोटात काही जात नव्हतं. विजार कमरेवरून घसरू लागली, तपासणीत वजन घटलेलं दिसलं. "खाल्लं नाहीत तर जखम भरणार कशी?" डॉक्टर फोनवर ओरडले. त्याने फोन बंद केला. इतक्या जवळ असूनही मला त्याच्याशी एक शब्द बोलता येत नव्हता.

अशात एका दुपारी दार वाजलं. सलूनचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमन काका, वाढलेल्या दाढीनिशी उभे होते. "सलूनला कुलूप दिसलं, विचारत विचारत आलो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायची माझी छाती होत नाही बाबा."

त्याने मानेनेच नाही म्हटलं. तोवर काका आत येऊन स्टुलावर बसलेसुद्धा. त्यांचं लक्ष सिंककडे गेलं. मग त्याच्या गळ्याच्या हाडांकडे गेलं.

"आधी तू पी, मग माझी दाढी कर," ते म्हणाले. "मला घाई नाही. घरी माझी तरी कोण वाट बघतंय?"

तो ओट्याला टेकून सिरिंजने पीत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ग्लास रिकामा झाला. मग त्याने वस्तरा घेतला. वस्तरा गळ्यावर असताना काकांनाही बोलता येईना. घरात दोन माणसं आणि दोघंही गप्प, पण ती शांतता मला जड वाटली नाही.

"बहिणीला सांगितलंस?" दाढी झाल्यावर काकांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "मग लाव फोन. बोलायचं काम माझं."

ताई दुसऱ्या दिवशी आली. "मला परकी केलंस होय रे?" म्हणत आधी रागावली, मग रडली. बरं व्हायला त्याला पुढेही फार वेळ लागला. तोंड पुरेसं उघडेना म्हणून व्यायाम, त्यात पुन्हा ठणका. पण ग्लास मात्र रोज रिकामा होत गेला.

आता तो सलूनला जातो. हनुवटी अजून अर्धी बधिरच आहे. मी दिवसभर ओट्यावर एकटा असतो.

मित्रांनो, मला रिकामा फिरवू नका, पातं धुऊन ठेवा, एवढं केलंत तरी मी आणखी काही वर्षं चालेन. माणसाचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. पहिल्यांदा आजारी पडलेल्याकडे सगळे जातात. बरा होता होता तो पुन्हा आडवा पडला, की कुणी फिरकत नाही. त्या दुसऱ्या वेळी तुम्ही जा.