बिनफोडणीचं वरण

कोकिळानं जयमालेला सासू केलं ते रेणुकाच्या साक्षगंधात. नव्या विहिणीनं विचारलं, ह्या कोण? नवरीची आई असलेल्या कोकिळानं आपल्या थोरल्या जावेकडं पाहून शांतपणे सांगितलं, "ह्या आमच्या सासूबाई." जयमाला तिच्याहून चारच वर्षांनी मोठी. खरी सासू मनकर्णाबाई शेजारीच सुपारी कातरत बसली होती. विहीण जयमालेच्या पाया पडली, बावीस बाया खदखदून हसल्या आणि कोकिळानं पेढा तोंडात टाकला.

ह्याच बावीस बायांसमोर हिला कान धरायला लावीन, जयमालेनं तिथंच ठरवलं. पण आधी लग्नात रेणुकाची बहीण दिसायचं होतं.

तिसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर काढते म्हणून ती उंद्रीहून एसटीनं खामगावला गेली, ती थेट त्वचेच्या दवाखान्यात. डॉक्टर धम्मशीला यांनी प्लाझ्माचा पेन दाखवला. त्याचं टोक कातडीला टेकत नाही. मधल्या फटीत बारीक ठिणगी उडते, कातडी आक्रसते, सुरकुती ताणली जाते. मात्र आठवडाभर तोंडावर तपकिरी खपल्यांचे ठिपके राहतात. आणि लग्न सहा दिवसांवर. महिनाभर आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. अपमानच परवा झाला, जयमाला म्हणाली. ठिपके पावडरीनं झाकू, असा हिशेब करून तिनं तोंडावर पेन फिरवून घेतला.

संध्याकाळी ती घरात शिरली. मनकर्णाबाईनं तिचं तोंड पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. "देवी आली बाई घरात."

जयमालेनं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोकिळा दारात आली आणि तिचेही हात आपोआप जोडले गेले. जयमालेनं तोंड मिटलं.

मग अंधारी खोली, उशाला कडुलिंबाचा पाला, गार दहीभात. ऊन नको, तेल नको, हळद नको, खपल्यांना बोट नको. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि मनकर्णाबाईचे नियम शब्दाशब्दाला जुळत होते. ताप नव्हता, पण देवीला थर्मामीटर लावणार कोण? कोकिळा रोज सकाळी पाय धुवायची. तिसऱ्या दिवशी देवीनं पाणी कोमट मागितलं.

आणि देवी घरात असेस्तोवर चुलीवर फोडणी नाही, हा उंद्रीचा कायदा. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड उतरलं. तीनशे माणसांपुढं पिवळंधम्मक, मुकं वरण आलं. नवरदेवाच्या मामानं वाटी हुंगली आणि हे आजाऱ्याचं जेवण काऊन, म्हणून चारचौघांत विचारलं. विहिणीनं तर हातच धुतले.

कोकिळा धावत खोलीत आली. "आई, इज्जत जाऊन राह्यली. फोडणीची परवानगी द्या."

देवीनं डोळे मिटून सगळ्या बायांना आत बोलवायला सांगितलं. बावीसच्या बावीस आल्या. विहीण तेविसावी.

"कान धर," देवी म्हणाली. "मी कोण, ते सांग यायले."

कोकिळानं कान धरले. "ह्या सासूबाई नाहीत. थोरल्या जाऊबाई हायेत. म्या मुद्दाम म्हटलं. चारच वर्षांनी मोठ्या हायेत."

"साडेतीन."

"साडेतीन," कोकिळा म्हणाली.

खोलीत कोणी हसलं नाही. जयमालेनं बायांच्या तोंडांकडं एकेक करून पाहून घेतलं. मागं कढईत तेल तापून तयार होतं, त्याचा वास येत होता.

"जिऱ्याची द्या," ती शेवटी म्हणाली. "मोहरीचं उद्या पाहू."