रान मोकळं

भिवराबाई कुणाशी भांडली तरी शेजारणीला पत्ता लागत नसे. सगळ्या राणीसावरगावात कुजबुजत संसार केलेली बाई ती एकटीच. मेंढरांना हाका मारायला आधी नवरा होता, आता मुलगा ग्यानबा. गावानं तिला लाजाळू ठरवून टाकलं. गावाचं काय, गाव काहीही ठरवतं.

यंदा मुक्तिसंग्राम दिनाला मात्र तिची सून सविता हट्टाला पेटली. शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं की रझाकारांच्या गोष्टी दरवर्षी बन्सीधर गुरुजी सांगायचे, आणि ते तर तेव्हा जन्मलेही नव्हते! जिनं ते दिवस भोगले ती म्हातारी खाली बसून चिवडा खायची.

"आत्याबाई, औंदा तुमीच बोलायचं."

भिवराबाई पंच्याऐंशीच्या घरात आली, तरी मोठ्यानं बोलायची तिची छाती होत नव्हती.

त्यात ऐन वेळी लाईट गेली. माईक मुका झाला. "आजी, राहू द्या," गुरुजी म्हणाले. पण सविता सासूला खेटून उभी राहिली. "तुमी सांगा, मी वरडून सांगते."

सासू कुजबुजू लागली, सून खड्या आवाजात सांगू लागली. भादव्याचे दिवस. रझाकारांच्या घोड्यांच्या टापा. आठ वर्षांची भिवरा ज्वारीत दडलेली, आई दैवशालाचा हात तिच्या तोंडावर. "मी 'रान मोकळं' म्हनस्तोर ब्र काढू नको."

पीक निघालं, आता खुशाल मेंढरं घाला, असं सांगणारी ती धनगरांची हाळी. मैदानातल्या प्रत्येकाच्या ओळखीची.

"मंग माय मेंढरं घिऊन उलट्या अंगाला पळाली. घोडी तिच्या मागं गेली. माय परत आली न्हाई."

निजामाचं राज्य गेलं तेव्हा चावडीवर सारा गाव ओरडत होता. भिवरा तेवढी गप्प राहिली. तिला अजून कुणी 'रान मोकळं' असं सांगितलंच नव्हतं.

सविता सांगायचं सोडून सासूकडे बघू लागली. इतकी वर्षं एका चुलीवर जेवून तिला हे ठाऊक नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग? म्होरं काय झालं?"

भिवराबाईनं पदर खोचला. समोर झेंडा फडकत होता, खाली पोरं उघड्यावर बसली होती, कुणी कुठं दडलेलं नव्हतं. आईला सांगायला जमलं नाही, तर आता लेकीनं आईला सांगायला हवं होतं.

"रान मोकळं हाय गं मायऽऽ! रान मोकळं हाय!"

फाटकाबाहेर ग्यानबा मेंढरं घेऊन कार्यक्रम संपायची वाट बघत उभा होता. मेंढरांना त्या हाळीचा एकच अर्थ माहीत. ती फाटकातून थेट मैदानात घुसली. एका मेंढीनं पाहुण्यांचा हार ओढला, गुरुजी खुर्चीवर चढले, आणि रडणारी माणसं हसत हसत टाळ्या पिटू लागली.

सवितानं डोळे पुसत सासूला धरलं. "आत्याबाई, हळू! घसा फुटंल."

"जलमभर हळूच बोलले की गं!" भिवराबाई ओरडली, आणि ते पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.