हलवलंय की नक्कल?

धाकट्या सुनेनं संगणकाच्या आत चालणारा दुसरा, खोटा संगणक आधी नीट बंद केला. झोपवला नाही, बंद केला. चौकट पूर्ण काळी झाल्याची खात्री करून मगच तिनं हार्ड डिस्कची तार खोचली आणि त्याचं अख्खं फोल्डर तिच्यावर चढवायला लावलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली.

"झालं का गं?" सासऱ्यांनी कातड्याच्या टेबलापासून विचारलं.

"आत्ता कुठे सुरू झालंय, बाबा."

"बरं बरं. घाई नको करूस. सगळा संसार आहे त्यात आपला."

खोटं नव्हतं ते. या कारखान्यात दुकानातले बूट ज्यांच्या पायात जात नाहीत त्यांचे बूट बनत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाला बोटंच नाहीत. पायाची मापं भरली की प्रोग्रॅम वरच्या कातड्याचे आणि तळाचे तुकडे आखून द्यायचा, आणि शेजारचं मशीन ते कापायचं. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. तो चालवायची परवानगी एकदाच, फोनवरून, एका ठरावीक संगणकापुरती मिळाली होती, आणि तो फोन आता कुणी उचलत नव्हतं. तो संगणक मरायला टेकला तेव्हा धाकटीनंच डोकं फोडून फोडून तो जसाच्या तसा दुसऱ्या संगणकाच्या पोटात नेऊन बसवला होता. खोटा संगणक, पण आतल्या प्रोग्रॅमला वाटायचं, आपण आपल्याच घरात आहोत. तो गुमान चालत राहिला.

आणि तिथंच ती फसली. काम इतकं चोख झालं होतं की नंतर त्या खुर्चीवर बसायला कुणी धजेना. थोरले दीर म्हणायचे, "नको रे बाबा, माझा हात लागायचा आणि सगळं उडायचं." जाऊबाई शिलाई मशीनवरून मान वर करून म्हणायच्या, "तिलाच विचारा." ताप असला तरी तिलाच विचारा, माहेरी गेली तरी तिलाच विचारा. नवऱ्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली, तो गेला, आणि ती मागे राहिली. एवढी ऑर्डर होऊ दे, बाबा म्हणाले. ऑर्डरी काय, संपतात थोड्याच?

पण आता नवऱ्याच्या गावात एका शाळेनं तिला बोलावलं होतं. गणित शिकवायला. लग्नाआधी ती तेवढं एकच मनापासून शिकली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बाबांना सांगायला तिनं सगळी कारणं जुळवून ठेवली होती, आणि ते मात्र लगेच म्हणाले, "जा की. तुला अडवतंय कोण?"

इतकं सोपं? तेव्हापासून तिच्या मनात कुठेतरी खुट्ट वाजत होतं.

तो दुसरा संगणकही आता जुना होऊन मधूनच घरघरायचा, म्हणून जाण्याआधी सगळं नव्यावर हलवून द्यायचं ठरलं. तिनं बाबांना चार चारदा बजावलं होतं, टेबलावरचा आणा, चांगला जड, जागचा न हलणारा. त्यांनी आणला लॅपटॉप. "टेबलावरचा नव्हता दुकानात," म्हणाले आणि दुसरीकडे बघितलं.

पट्टी संपली. तिनं हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली. सगळं पुन्हा उतरवून घ्यायला जेवणापर्यंतचा वेळ गेला. जेवून आली तो बाबा खुर्चीमागे दुसरं स्टूल घेऊन बसलेले. हात धुऊन, चष्मा पुसून.

"आता उघडतेस ना? बघू तरी."

तिनं उघडलं. सुरू करायचं बटण दाबलं. लगेच चालू व्हायच्या ऐवजी एक चौकट समोर आली. चौकटीत दोन ओळी आणि खाली दोन बटणं. ती येणार हे तिला ठाऊक होतं, पहिल्या खेपेला याच चौकटीनं तिच्या नाकी नऊ आणले होते. हा संगणक तुम्ही इथं हलवून आणलाय, की ही त्याची नक्कल आहे? हलवलाय म्हटलं की तो आपली जुनी ओळख घेऊन उठायचा आणि परवानगी शाबूत राहायची. नक्कल म्हटलं की त्याला नवी ओळख मिळायची, आणि मग आतला प्रोग्रॅम मालकाला विसरल्यासारखा दारच उघडायचा नाही.

तिनं बाण 'हलवलाय'वर नेला.

"थांब, थांब," बाबा म्हणाले. "त्याआधी तुला एक दाखवायचंय." त्यांनी स्टुलाखालून एक नवीकोरी बॅग काढली. पाठीला अडकवायची, मऊ अस्तराची, पट्ट्यांना कारखान्यातल्याच कातड्याची जोड दिलेली. टाके त्यांच्या हातचे होते. बारीक, एकसारखे, गिऱ्हाइकालाही ते असे घालत नसत. "लॅपटॉप मुद्दाम घेतला. तुला काय वाटलं, म्हाताऱ्याला टेबलावरचा कळत नाही? म्हटलं, पोरीनं काय इथंच खितपत पडायचं? आता हा तुझ्याबरोबर. सकाळी शाळा कर, संध्याकाळी दोन जोड आखून पाठव. आम्ही इकडे कापतो. रविवारी तर काय, अख्खा दिवस तुझाच."

ती बॅगेकडे बघत राहिली.

"यांना विचारलंत?"

"त्याला कधीच सांगितलंय. तो म्हणाला, बेस्ट झालं, तिला सवयच आहे." बाबा खूश होऊन हसले. "आता कुठेही जा. कुणी म्हणणार नाही, कारखाना अडलाय म्हणून."

त्यांच्या चेहऱ्यावर कावा असता तर फार बरं झालं असतं. भांडता आलं असतं. पण ते लेकीला द्यावं तसं ती बॅग पुढे करून बसले होते. म्हणजे तिची संध्याकाळ गेली. रविवार गेला. वर्गात फळ्यावर लिहिताना टेबलावर फोन थरथरणार, आणि पलीकडून आवाज येणार, डाव्या टाचेला किती धरू?

"काय विचारतंय ते?" बाबांनी चष्मा वर सरकवला. इंग्रजी त्यांना लागत नसे.

"विचारतंय, इथं हलवून आणलंय की नुसती नक्कल आहे."

"मग खरं ते सांग की."

जुना संगणक शेजारी घरघरत होता. त्याच्या पोटात सगळं जागच्या जागी होतं, एक तुकडाही कमी झालेला नव्हता. लॅपटॉपमध्ये होती ती नक्कलच. यात खोटं काय? तिनं बाण एका बोटाच्या अंतरानं सरकवला आणि दाबलं.

निळा पडदा आला, चिन्हं आली, प्रोग्रॅमवर तिनं दोनदा टिचकी मारली. लाल अक्षरांची पाटी उघडली.

"हे काय?"

"ओळखत नाहीये, बाबा. परवानगी या संगणकाला नाही म्हणतंय."

"अरे देवा. पुन्हा करून बघ."

"पुन्हा केलं आणि जुन्यातलंही गेलं तर?"

हे मात्र धडधडीत खोटं होतं. जीभ कशी रेटली कुणास ठाऊक. बाबांनी चटकन जुन्या संगणकाकडे पाहिलं, आजाऱ्याकडे बघावं तसं, आणि स्टूल मागे घेतलं.

"नको नको. हात नको लावूस. आहे ते राहू दे." मग थोडं थांबून, हळूच, "म्हणजे तू... थांबशील का मग?"

"नाही, बाबा." आवाज बारीक निघाला, पण निघाला. "सोमवारी मी रुजू होतेय. जाऊबाईंना शिकवून जाते."

"तिला जमेल?"

"मला तरी कुठे येत होतं?"

बॅगेची चेन त्यांनी उघडली, लावली, आणि तशीच रिकामी बॅग तिच्या मांडीवर ठेवली. "ही तरी ने. वह्यापुस्तकं राहतील."

तेव्हा मात्र तिला रडू आलं. ते शाळेसाठी घर सोडायचं म्हणून असावं असं समजून बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं जाऊबाईंना जुन्या संगणकासमोर बसवलं. मोठीनं पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले. "चावत नाही ना गं हे?" पण तासाभरात तिनं एका माणसाच्या आखूड पायाचा तळ आखला आणि मशीननं तो कापलाही. तुकडा हातात घेऊन ती उलटसुलट करून बघत राहिली. शिलाईवर आलेला तुकडा तिनं आजवर हजारदा पाहिला होता, तो निघताना पहिल्यांदाच बघत होती.

"अगं, हे एवढंच होतं?"

"एवढंच."

कारखान्यात दोघीच होत्या. धाकटीनं कपाटातून हार्ड डिस्क काढली आणि तिच्या हातात दिली. "ही जपा. हा जुना एक दिवस बंद पडेल. तेव्हा टेबलावरचा नवा घ्यायला लावा, लॅपटॉप नाही. यातलं फोल्डर त्याच्यात टाकायचं आणि उघडायचं. उघडताना ते एक प्रश्न विचारतं, दोन बटणं असतात. वरचं दाबायचं. 'हलवलंय' म्हणायचं. मग काही अडत नाही."

"काहीच अडत नाही?"

"नाही."

मोठीनं हार्ड डिस्क दोन्ही हातांत धरली. तिची नजर कोपऱ्यातल्या बंद लॅपटॉपवर गेली, तिथून खुंटीवरच्या नव्या बॅगेवर, आणि तिथून धाकटीच्या तोंडावर येऊन थांबली. धाकटीला वाटलं, आता ही बाबांना हाक मारणार. तिनं हाक मारली नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली, बसायला नीट व्हावी म्हणून.

"धाकटे," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आणि मला जायचं झालं, तर मी कुठलं दाबू?"

बाहेर बाबांच्या चपला वाजल्या. मोठीनं हार्ड डिस्क पटकन पदराखाली घेतली आणि दुसरा हात माऊसवर ठेवला.