साखराबाईंचा रविवार

"गोळी हातावर ठेवून पुढच्या खाटेकडं पळायचं न्हाई. घोट गळ्याखाली उतरंस्तोवर तिथंच उभं ऱ्हायचं."

नर्सिंग शिकवणाऱ्या बायनाबाई सिस्टर हे इतक्यांदा बजावत की मुली पाठीमागे त्यांची नक्कल करायच्या. सत्यशीलाही करायची. आज पाटोद्याच्या या लहानशा दवाखान्यात तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला. समोर खाटेवरच्या साखराबाईंनी ग्लास ओठांना लावला, मान मागे टाकली, पण ग्लासातलं पाणी काही कमी झालं नाही.

"आजी, तोंड उघडा."

म्हातारीने ओठ घट्ट मिटले. सून उज्ज्वला इकडेतिकडे बघत जवळ सरकली. "सिस्टर, ऐतवार हाय. बिरोबाला दुधाची धार घातल्याबिगर आत्या पाणीबी घेत न्हाईत. तुमी आपलं लिहून टाका, घेतली म्हणून. सांच्याला घेतील की."

मागच्या दवाखान्यात सत्यशीलाने हेच केलं होतं. निर्जळी एकादशी धरलेल्या एका बाईची रक्तदाबाची गोळी तिने संध्याकाळवर ढकलली आणि कागदावर 'दिली' असं लिहिलं. ती स्वतः तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी. त्या बाईचं व्रत तिच्याने मोडवेना. दुपारी बाईला लकव्याचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला. सत्यशीलाला त्याच दिवशी काढून टाकलं.

त्यानंतर पार कडा गावापर्यंत हिंडली, कोणी दारात उभं केलं नाही. इथे डॉक्टर विजयसिंहांनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?"

"सोडली नाही सर. काढलं मला." तिने कारणही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, विमलबाईंच्या हाताखाली राहा, त्या काय म्हणतात ते बघून ठरवू.

विमलबाई थोरल्या सिस्टर. कपाटाच्या चाव्या त्या हिच्या हाती देत नसत. ही खाटेपासून हलली की मागून जाऊन रुग्णाला विचारत, "दिली का गं तिनं गोळी? खरं सांग."

आणि काल याच विमलबाई उज्ज्वलाशी चहाच्या टपरीवर कुजबुजत होत्या. सत्यशीलाच्या मनात आलं, हे ठरवून तर नाही? आपल्याला जोखायला सुनेला पुढे केलं असेल? तिने उज्ज्वलाचा चेहरा निरखला. तिथे नुसतं जागरण दिसत होतं. पण जागरण झालेलं माणूसही शिकवलेलं बोलू शकतं.

"विमलबाई, जरा येता का?" तिने हाक मारली. "आजींनी गोळी घेतली न्हाई."

विमलबाई आल्या त्या तिच्याकडेच रोखून बघत. "घेतली न्हाई, का तू दिलीच न्हाईस?"

साखराबाईंनी गालातली गोळी तळहातावर काढली. "दिलीया तिनं. मीच घेत न्हाई. पोरगी चुगलखोर हाय, पर खोटी न्हाई."

"आजचं मी डॉक्टरांच्या कानावर घालणार हाय," विमलबाई म्हणाल्या. नेमकं काय घालणार ते सांगितलं नाही. हाताची घडी घालून तिथेच उभ्या राहिल्या.

सत्यशीला खाटेच्या कडेला टेकली. "आजी, धार दुसऱ्या कुणी घातली तर?"

"बाईचाच हात लागतो. अन् उज्ज्वलाला आज चालत न्हाई."

"मी घालते."

"तू? हितं व्हय म्हणशील अन् घरी जाऊन पंख्याखाली पडशील."

"धार पडंस्तोवर मीबी पाणी घेणार न्हाई. तुमचा उपास माझ्या अंगावर द्या."

म्हातारी थबकली. आजारी बाईचा उपास दुसरीने अंगावर घ्यायचा, ही त्यांच्यात रीत होती; पण घरातल्याच बाईने. "कुठली गं तू?"

"युसूफ वडगावची."

"लई लांबची हायस. तुझ्यावर इश्वास कावून ठेवू मी?"

"नका ठेवू," सत्यशीला हळू म्हणाली. "पण गोळी घ्या. एका बाईचा उपास राखायला गेले मी, अन् तिचा हात गेला."

साखराबाईंनी आपला उजवा हात समोर धरला. बोटं मिटली, उघडली. मग कनवटीची पुरचुंडी सोडून चिमूटभर भंडारा सत्यशीलाच्या कपाळाला लावला. "मेंढीचंच दूध लागतं. माझा सिदू मेंढरं घेऊन माळावरच्या तळ्यापाशी आसंल, त्येच्याकडनं घे. बिरोबाचं ठाणं वर टेकाडावर हाय, एकलीनंच जायचं."

गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर खाली उतरली. म्हातारीने आपणहून तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली, ती आधी विमलबाईंना.

दुपारी काम संपलं. दाराशी विमलबाईंनी चहा पुढे केला. सत्यशीलाने मान हलवली.

"खरंच पाळतीस व्हय? टेकाडावर कुणी बघायला हाय का, तू धार घातलीस का न्हाई ते?"

"न्हाई."

"मग म्हातारीला कळायचं कसं?"

"न्हाई कळणार."

विमलबाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला. "डॉक्टर उद्या इचारतील मला तुझ्याबद्दल."

"हो बाई."

"ऊन लई हाय. डोक्यावर पदर घे."

सत्यशीलाने पदर घेतला. घसा कोरडा पडला होता. उज्ज्वलाने दिलेला कडीचा डबा सांभाळत ती डांबरी रस्ता सोडून पायवाटेला लागली. लांब तळ्याच्या अंगाला धूळ उठली होती. मेंढरांची असेल, नाहीतर वावटळीची. ती तिकडे चालू लागली.